पोरी पाण्यात, आया पायरीवर

ये गं, जवळ ये. अशी लांब बसून अंक चाळू नको, मला तुझ्याशीच बोलायचंय. आणि आधी बोलणी खा. जयसिंगपूरच्या लग्नात मी तुला बघितलं. तुझी लेक मांडवात जरा पुढं गेली की तू उठत होतीस. पोरगी पंगतीत जिलबी खायला बसली तर तू मागं उभी राहून "हळू खा, घशात अडकेल, फ्रॉकवर सांडशील." दुसरीतली घोडी ती! मी म्हटलं, "नंदे, पोहायला कधी आणतीस हिला?" तर म्हणालीस, "मावशी, अजून लहान आहे हो ती." आणि निघताना आणखी एक बोललीस, ते तेव्हापासनं माझ्या डोक्यात बसलंय. म्हणालीस, "मी पहिल्यांदा बिंड्याशिवाय उडी मारली, तेव्हा आईनं बघितलंसुद्धा नाही. पाठ फिरवून उभी राहिली. मी निदान माझ्या पोरीकडं बघते तरी."

त्या पाठ फिरवण्याची गोष्ट तुला कुणी सांगितलेली दिसत नाही. मांडवात वाजंत्री एवढी होती की मलाही सांगता येईना. आता ह्या दिवाळी अंकवाल्या पोरीनं "मावशी, तुमच्या कामाबद्दल लिहा की" म्हणून पिच्छा पुरवलाय. म्हटलं, हेच लिहावं. नाव बदललंय तुझं, घाबरू नको. जिला कळायचं तिला कळेल.

बाकीच्यांना आधी माझं काम सांगते. मी कोल्हापुरात पोरींना पोहायला शिकवायची. शाळा माझी चौथीपर्यंत, पण माहेर पंचगंगेच्या काठाला, त्यामुळं पाण्यात कधी पडले आणि कधी पोहायला लागले ते मलाच आठवत नाही. लग्न होऊन शहरात आले. इथं पोरं रंकाळ्यात, नदीला, कुठंही उड्या मारायची. पोरींनी मात्र काठावर धुणं धुवायचं. एका उन्हाळ्यात शेजारच्या दोन पोरी मागं लागल्या म्हणून त्यांना शिकवलं. दुसऱ्या उन्हाळ्याला त्यांच्या मैत्रिणी आल्या. असं करत करत पेठेपेठेतनं पोरी यायला लागल्या.

जागा म्हणजे रंकाळ्याच्या पलीकडं उसाच्या मळ्यातली विहीर. चांगली चौकोनी, एका अंगाला दगडी पायऱ्या. मळ्याच्या मालकांची सून हौसा माझी मैत्रीण झालेली. दुपारी गडीमाणसं भाकरी खाऊन लवंडली की विहीर आमची. हौसा वरच्या पायरीवर काठी घेऊन बसायची. कुणी बाप्या वाकून बघायला आला की ती नुसती काठी आपटायची आणि म्हणायची, "पावणं, वाट चुकलासा. उसातनं सरळ जावा." हौसा काठी नुसती दाखवायला बाळगायची नाही हे त्या भागात सगळ्यांना माहीत होतं.

आता बिंडा म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पांगाऱ्याचं लाकूड वाळलं की कापसासारखं हलकं होतं. त्याचा हातभर ओंडका घ्यायचा, दोन्ही टोकांना खाचा पाडायच्या, त्यात सुती दोरी अडकवून पोरीच्या पाठीवर बांधायचा. बरोबर दोन खांद्यांच्या मध्ये. गाठ छातीवर. मग पोरगी बुडत नाही, नुसते हातपाय मारायचे. हे झालं सगळ्यांना माहीत असलेलं. न सांगितलेलं असं की शिकवणारी बाई रोज त्या बिंड्याचा थोडा थोडा कपटा काढते. सुताराच्या वाकसानं, पोरगी घरी गेल्यावर. आज अंगठ्याएवढा, उद्या तेवढाच. पोरीला वाटतं बिंडा तरंगवतोय, आणि बिंडा तर केव्हाच नावापुरता राहिलेला असतो. मग एके दिवशी सोडायचा. हात कसे मारायचे नि पाय कसे झाडायचे हे पाणीच शिकवतं. माझं काम तासायचं.

पण खरं कसब पोरींना शिकवण्यात नव्हतंच. कसब लागायचं ते पायरीवर बसलेल्या माणसांना. एक पैलवान होते. तालमीत नाव असलेले, दंड माझ्या मांडीएवढे. लेकीला घेऊन आले नि विहिरीत वाकून बघितल्यावर घामानं भिजले. मला म्हणाले, "मावशी, गुडघ्याएवढ्या पाण्यात शिकवता येत न्हाय का?" हौसा म्हणाली, "येतंय की. पर पैलवान, गुडघ्याएवढ्या पाण्यात कोण बुडतंय?" बिचारे रोज उसाच्या बांधावर पाठमोरे बसायचे नि लेकीचा आवाज आला की "हाय का गं?" म्हणून ओरडायचे. एक आजी होत्या, त्यांचं म्हणणं नातीला घरच्या हौदातच शिकवा. एक बाई लेकीला आंघोळ घालून, पावडर लावून विहिरीवर आणायच्या.

हसण्यावारी नेलं तरी एक गोष्ट मला पहिल्या वर्षातच कळली. पहिल्या पायरीवर उभं राहिलेलं पोर कधी पाण्याकडं बघत नाही. ते आईच्या तोंडाकडं बघतं. आईचा चेहरा साधा असला तर पोराला पाणी साधं दिसतं. आईनं पदर तोंडात धरला की त्याच पाण्याला तळ राहत नाही. ह्याच्या उलट्या जातीचेही असायचे. मामा-काका, "असंच शिकतंय" म्हणून पोराला ढकलून देणारे. ती पोरं नाकातोंडात पाणी गेलेली, पुन्हा विहिरीच्या दिशेला पाय करत नाहीत. मला दोन्ही जातींचा राग यायचा. पण ढकलणाऱ्याला शिवी देता येते. घाबरलेल्या आईला काय देणार?

नंदाची आई, तिला मी वहिनी म्हणायची, पहिल्यांदा आली ती सत्तर सालाच्या आसपास. नवरा कचेरीत, घर मंगळवार पेठेत, माहेर नेसरीकडचं. नंदा तेव्हा पाचवीत. वहिनी लेकीला शाळेत पोचवायच्या, मधल्या सुट्टीत कुंपणापाशी जाऊन बघून यायच्या, पुन्हा आणायला जायच्या. मैत्रिणीकडं जायचं नाही, चिंच खायची नाही, गच्चीत चढायचं नाही. नंदे, तू चिडू नको, हे तूच मला सांगितलेलं आहेस.

मी विचारलं, "वहिनी, एवढी काळजी वाटते तर पोहायला कशाला आणलीत?"

"म्हणूनच आणली," म्हणाल्या. "पोहता आलं म्हणजे मला पाण्याची काळजी नाही."

आता घ्या. भीती वाटते म्हणून शिकवायला आणली, आणि भीती वाटते म्हणून शिकू देईनात. रोज सगळ्यात खालच्या कोरड्या पायरीवर टॉवेल घेऊन उभ्या. "नंदा, एवढ्यात पाय सोडू नकोस. नंदा, तोंड मिट. नंदा, मावशींचा हात धर." आणि नंदा? नंदा कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून वर बघून विचारायची, "आई, पाणी गार आहे का गं?"

हौसा मला हळूच म्हणाली, "अगं, पाण्यात कोण हाय? ही का ती?"

पण मला हसू आलं नाही. कारण दुसऱ्या दिवशी मी नंदाला पाण्यात तोंड घालायला लावलं, तर ती वर येऊन गाल फुगवून तशीच उभी. लालबुंद झाली. मी म्हटलं, "पोरी, श्वास घे की!" तेव्हा तिनं घेतला. मी सांगायची वाट बघत होती. मी पुष्कळ भित्री पोरं बघितली, पण विचारून श्वास घेणारं पोर ते एकच.

तरी पाणी आपलं काम करतं. आठवड्याभरात नंदाचे हात सुटायला लागले. मी बिंडा तासत होते. बाकीच्या आयांना कळायचं नाही, पण वहिनींना कळलं. त्या रोज बिंडा वितीनं मापत होत्या! मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हा लहान झालाय. तुम्ही तासता?"

"तासते," मी म्हटलं. "सगळ्यांचा तासते. शिकवणं म्हणजे तेच."

"मला न विचारता?"

"वहिनी, विचारलं असतं तर हो म्हणाला असता का?"

त्या टॉवेल झटकून पायरीवर परत गेल्या. मला वाटलं पटलं.

दुसऱ्या दिवशी नंदा आली ती फ्रॉकवर आईचं जुनं पातळ गुंडाळून. "जरा सर्दी आहे," वहिनी म्हणाल्या. मी आधीच पाण्यात होते, एका नव्या पोरीला धरून. नंदानं पातळ काढलं आणि रोजच्यासारखी तिसऱ्या पायरीवरनं उडी घेतली. आणि वर आले ते तिचे पाय.

वहिनींनी सुताराकडनं दोन नवे जाड बिंडे करून आणले होते आणि घरूनच बांधून आणले होते. पण खांद्यावर दोन बसेनात म्हणून कमरेला बांधले. काम माहीत असलेलं कुणी असं करणार नाही. कमरेला एवढं हलकं लाकूड बांधलं की कंबर वर राहते आणि डोकं खाली जातं. पोरगी उलटी. जेवढी धडपडते तेवढं डोकं आणखी खाली. बुडू नये म्हणून बांधलेलंच तिला वर येऊ देईना.

मी नव्या पोरीला पायरीवर ढकललं नि वळले, तेवढ्यात वहिनींनी उडी टाकली. पोहायला येत नाही, अंगात नऊवारी. त्या माझ्याच अंगावर पडल्या. बुडणारं माणूस हाताला येईल ते धरतं. त्यांनी माझी मान धरली. मी ओरडले, "हौसा, पोर!" आणि श्वास घेऊन वहिनींसकट खाली गेले. खाली गेलं की बुडणारं माणूस हात सोडतं, हे मला नदीनं शिकवलेलं. त्यांनी सोडला, मग मागनं अंबाडा धरून मी त्यांना ओढत आणलं. तोवर हौसा लुगड्यासकट उतरली होती. तिनं नंदाची दोरी धरून तिला सरळ केलं नि पायरीवर उपडी घातली.

नंदा खोकली, ओकली, रडली. म्हणजे सगळं ठीक होतं. वहिनी उठल्या आणि त्यांनी काय करावं? पोरीच्या थोबाडीत मारली. "सांगितलं होतं ना सावकाश उडी मार म्हणून!" आणि मग तिलाच कवटाळून बसल्या. हौसानं कमरेचे ते दोन बिंडे सोडले, हातात तोलले आणि एवढंच म्हणाली, "वहिनी, पोरीला वर तरंगवायचं हुतं, का पोरीचं ढुंगण?" दुसरी कुणी असती तर भांडण झालं असतं. वहिनींनी पोरीला पातळात गुंडाळलं नि घेऊन गेल्या.

त्यानंतर त्या आल्या नाहीत. माझ्याकडनं पोरी सुटत नव्हत्या असं नाही. वयात आली म्हणून, सासरच्यांना कळेल म्हणून, सावळी पडली म्हणून, दरसाल एकदोन सुटायच्या. त्यातल्या एकीचं अजून वाईट वाटतं. हात इतके सुरेख होते तिचे, आणि बिंडा सोडायच्या आदल्या दिवशी वडील येऊन घेऊन गेले. तिच्या घरी मी गेले नव्हते, कशाला उगाच म्हणून. ह्या वेळी गेले.

नंदाचे वडील दारात भेटले. सज्जन गृहस्थ. म्हणाले, "मावशी, ती आता पोरीला न्हाणीघरातसुद्धा दार लावू देत नाही. तुम्ही बघा बोलून." आणि चप्पल घालून बाहेर निघून गेले. घरातल्या भीतीपुढं पुरुष बहुतेक वेळा चप्पलच घालतात, असा माझा अनुभव आहे.

नंदा शेजारी खेळायला गेली नव्हतीच, आतल्या खोलीत अभ्यास करत होती. वहिनींनी तिला ऐकू जाऊ नये म्हणून स्वयंपाकघराचं दार लोटलं. म्हणून तुला हे माहीत नाही, नंदे.

त्या म्हणाल्या, "मावशी, मला धाकटा भाऊ होता. नेसरीला आमच्या रानाच्या खाली ओढ्याचा डोह आहे. आई रानात तण भांगलायला गेली नि मला म्हणाली, लक्ष ठेव. मी ठेवलं होतं. नुसती वेणीची रिबीन सुटली म्हणून बांधली."

त्यांनी दाराकडं कान देऊन नंदाची चाहूल घेतली.

"आई मला कधी बोलली नाही. एका शब्दानं नाही. पण नंतर तिनं मला कुठं सोडलं नाही. विहिरीला नाही, जत्रेला नाही. झोपेतसुद्धा माझा हात धरून. मला वाटायचं, ही मला शिक्षा आहे. नंदा झाल्यावर कळलं, शिक्षा नव्हती. तिचा हातच सुटत नव्हता." मग म्हणाल्या, "माझाही सुटत नाही."

"होतं असं, विसरा आता" म्हणायला मला लाज वाटली. मी म्हटलं, "वहिनी, भीती घालवायचं औषध माझ्याकडं नाही. मला पोहायला शिकवता येतं, तेवढंच." आणि पिशवीतनं नंदाचा जुना, मी तासलेला बिंडा काढून त्यांच्यापुढं ठेवला. "हा तुमच्याजवळ ठेवा. उद्यापासनं मी वाकस लावणार नाही. तासायचा तो तुम्ही. तुमच्या मनाला येईल तेवढाच. पण बांधायचा मी, खांद्यावर."

"आणि मी तासलाच नाही तर?"

"तर पोरगी उन्हाळाभर तरंगंल. मरणार नाही आणि शिकणारही नाही. तुमची पोरगी, तुमचा बिंडा."

दोन दिवस कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी दोघी आल्या. बिंडा होता तसाच. त्याच्या पुढच्या दिवशीही तसाच. मग एक दिवस वहिनींनी पदराची गाठ सोडून मला काहीतरी दाखवलं. विळीवर बसून त्यांनी बिंड्याचा एक पापुद्रा काढला होता. उन्हात धरला तर पलीकडचं दिसावं असा. हौसानं तो बोटावर घेतला नि म्हणाली, "वहिनी, बटाट्याची साल बी ह्याच्यापेक्षा जाड निघती वो." वहिनी हसल्या. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. दात चांगले होते.

बाकीच्या पोरी शिकून, माशांसारख्या सुळकांड्या मारायला लागल्या. नंदाचं आपलं पापुद्र्यापापुद्र्यानं चाललेलं. मी घाई केली नाही. सकाळी स्वयंपाक झाला की त्या विळीवर बसायच्या, थोडं तासायच्या, हातात तोलायच्या, कधी कधी नुसत्या घेऊन बसायच्या. हे मला त्यांच्या यजमानांनी सांगितलं. पायरीवरची बडबडही कमी झाली. एकदम नाही. "नंदा, तोंड मिट" गेलं, "नंदा, हात धर" राहिलं. मग तेही गेलं. रात्रीतनं देवी प्रसन्न झाल्यासारखं काही घडलं नाही. मधेच एखाद्या दिवशी पोरीला शिंक आली म्हणून दोघी परत जायच्या.

शाळा उघडायला आल्या. बिंडा पाटीएवढा पातळ झालेला. एक दिवस दोघी आल्या नि मी बांधायला हात पुढं केला, तर वहिनींचे हात रिकामे.

"बिंडा कुठाय?"

"सकाळी बंबात घातला," त्या म्हणाल्या. "त्यावरच आंघोळीचं पाणी तापवलं."

नंदे, तू तेव्हा पायरीवर उभी होतीस, तुला हे ऐकू गेलं नसणार. तू वळून विचारलंस, "आई, मारू उडी?" आणि आईनं पाठ फिरवली. तुला तेवढंच दिसलं. तुला वाटलं, आई रागावली. मला काय दिसलं ते सांगते. माझ्यापासनं त्या दोन हातांवर होत्या. डोळे गच्च मिटलेले. पायरीच्या कडेला उसाचं पाचट होतं, त्याची मूठ घट्ट धरलेली. मला कुजबुजल्या, "मावशी, बघितलं तर तोंडातनं 'नको' जाईल. मला बघायला लावू नका."

तू वाट बघितलीस. उत्तर आलं नाही. मी पण दिलं नाही, दातांत जीभ धरून उभी राहिले. मग धप्पकन पाणी उडालं.

"आली का वर?" वहिनींनी विचारलं. डोळे तसेच मिटलेले.

"आली."

"हात मारतेय?"

"मारतेय की. वाकडेतिकडे."

तू पलीकडच्या भिंतीला हात लावून परत आलीस, पायरीवर चढलीस नि "मावशी, मी केलं!" म्हणून मलाच मिठी मारलीस. तेव्हा कुठं त्या वळल्या. टॉवेल पुढं केला. तू तो न घेता हौसाकडं पळालीस. वहिनींनी हात उघडला तेव्हा पाचटानं तळवा कापलेला होता. मी म्हटलं, "हळद लावा." म्हणाल्या, "लावते. तिला सांगू नका, उगाच घाबरेल."

मी आजवर सांगितलं नव्हतं.

तर नंदे, तुझ्या आईनं तुझ्याकडं बघितलं नाही हे खरं आहे. बाकीचं पण आता तुला कळलं. ती सुधारली वगैरे मी म्हणणार नाही. तू कॉलेजला गेलीस तेव्हा एस.टी. चुकली तरी तिचा जीव जायचा नि ती स्टँडवर जाऊन उभी राहायची, हे सगळ्या पेठेला माहीत आहे. तुझं लग्न ठरलं तेव्हा जयसिंगपूर केवढं लांब म्हणून आठवडाभर जेवली नाही. पण तुला पाठवलं. बोटं धरून ठेवायची सवय गेली नाही तिची, पण एकेक बोट सोडायची ती शिकली. तू कुठंतरी त्याच वळणावर उभी आहेस असं मला लग्नात वाटलं, म्हणून एवढं लिहिलं. तुझी लेक काय विचारत होती, ऐकलंस का? पंगतीत ती तुला म्हणाली, "आई, मला भूक लागलीय का अजून?"

परवा भाजी मंडईत तुझी आई भेटली. वांगी निवडता निवडता म्हणाली, "मावशी, नंदाच्या पोरीला अजून पाण्यात घातलं नाही वाटतं." मी म्हटलं, "तुम्हीच सांगा की लेकीला." तर म्हणाली, "मी कुठल्या तोंडानं सांगू?" म्हणून मी माझ्या तोंडानं सांगतेय.

माझे गुडघे गेले. आता मी पायरीवर बसते नि पाण्यात सून उतरते. माझ्यापेक्षा बरी शिकवते, ओरडत नाही. हौसा आहे, काठी पण आहे. होळी झाली की सुरू करतो. पोरीला जुना फ्रॉक घाल, जेवल्या जेवल्या आणू नको आणि केसाला तेल चोपडू नको. मुक्काम माझ्याकडंच कर, आईकडं दुपारची जात जा, नाहीतर दोघी मिळून एकमेकींना घाबरवत बसाल. जयसिंगपूरहून सकाळची गाडी आहे. ये लवकर, वाट बघते.